‘लोके काय म्हनतीन’च्या खाली आपण कोण आहोत, हे कसं शोधायचं

आधी एक साधी शंभर पानी वही घ्या. मोबाईलमधलं नोट्सचं अ‍ॅप नको, कारण आपल्याकडे घरात कोणाचाही मोबाईल कोणीही उचलतं आणि मग आपण लिहितानाच सावध होतो, अर्धं खरं लिहितो. वही कुलपात ठेवता येते.

त्यात चार-पाच दिवस फक्त ‘पाहिजे’ची वाक्यं लिहा, मनात येतील तशी. सरकारी नोकरी लागली पाहिजे, पुण्यात फ्लॅट झाला पाहिजे, सुनेनं सगळ्यांची पंगत उठल्यावरच जेवायला बसलं पाहिजे, बाहेरच्या माणसांपुढे अहिराणी, म्हणजे आपली खानदेशी बोली, नाही बोललं पाहिजे, तिशीच्या आत लग्न झालं पाहिजे. मग एकेक वाक्य मोठ्यानं वाचा आणि कान देऊन ऐका की हे कोणाच्या आवाजात येतंय. काही आबांच्या आवाजात येतील, काही मोठ्या मायच्या, काही क्लासच्या सरांच्या, आणि आजकाल बरीचशी रील्समधल्या अनोळखी माणसांच्या. समोर नाव लिहून टाका. एखाद्या वाक्यासमोर नाव सापडलं नाही म्हणजे ते आपलंच असं लगेच धरू नका, काही गोष्टी इतक्या लहानपणी आत गेलेल्या असतात की सांगणारा कोण होता तेच आठवत नाही.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते, त्यांनी 1960 साली खरा स्व आणि खोटा स्व यांच्यावर लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की लहान मूल मोठ्यांना काय हवंय ते ओळखून तसं वागायला शिकतं, त्याचं एक बाहेरचं कवच तयार होतं, आणि ते कवच खरं तर आतल्या पोराला सांभाळायलाच असतं. थोडं कवच निरोगी माणसालाही लागतं असंही ते म्हणतात, चारचौघात नीट वागणं वगैरे त्यातच आलं. त्रास कधी होतो, तर कवचालाच आपण ‘मी’ समजायला लागतो तेव्हा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण इंटरनेटवर सगळे सांगतात की मुखवटे फेका, बंधनं तोडा, आणि घरातल्या माणसाला ते जमत नाही म्हणून तो आणखीनच खचतो.

आता वहीतल्या प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारा. एक, हे मी केलं आणि कोणालाच कधीच कळलं नाही तरी मी करेन का? दोन, हे नाही झालं तर मला दुःख होईल की लाज वाटेल? माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त खोल जातो. दुःख होत असेल तर त्या गोष्टीत आपला जीव आहे, नुसती लाज वाटत असेल तर ती गोष्ट बहुतेक दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी चाललीये.

समजा यावलकडचा एक पोरगा आहे, जळगावला रूम करून एमपीएससी करतोय, अभ्यासिकेत सकाळी सातला डबा घेऊन जातो, रात्री दहाला येतो. त्यानं पहिला प्रश्न विचारला की अधिकारी झालो पण गावात बॅनर लागला नाही, सत्कार झाला नाही, आप्पांना कोणी पेढे मागितले नाहीत, तर मला ते टेबल, त्या फाइली, ते काम हवंय का? आणि त्याच्या लक्षात येतं की सुट्टीत घरी गेल्यावर तो पहाटे केळीत जाऊन ठिबकच्या नळ्या तपासतो, कुठं गळतंय ते बघतो, व्हॉल्व्ह फिरवतो, आणि तेव्हा त्याला घड्याळ बघावंसं वाटत नाही. आता याचा अर्थ त्यानं उद्याच पुस्तकं विकून टाकावी असा नाही. याचा अर्थ एवढाच की त्याच्या हातात एक खरी माहिती आली, जी आजवर कोणी विचारलीच नव्हती, त्यानं स्वतःसुद्धा.

उलटंही होतं बरं का. श्रावणात कानबाई, आपली खानदेशातली देवी, बसते, तिच्या रोटाला, म्हणजे प्रसादाच्या जेवणाला, भाऊबंद कुठून कुठून गावी येतात. एखादी मुलगी म्हणते मी देवबिव मानत नाही, हे सगळं माझ्यावर लादलेलं आहे. पण तिनं दुसरा प्रश्न विचारला आणि यावर्षी जाता नाही आलं तर घशात काहीतरी दाटतं हे तिला कळलं, तर ते तिचंच आहे, वारशानं आलेलं असलं तरी. म्हणून मी म्हणते की घरच्यांच्या विरुद्ध वागणं म्हणजे स्वतःला सापडणं नव्हे. आबा पूर्वेला म्हणतात म्हणून मी पश्चिमेला, यात दिशा शेवटी आबाच ठरवतायत ना.

एखाद्या वाक्यापाशी रडू येत असेल, राग येत असेल, तर तिथं थांबून लिहा. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1986 मध्ये एक प्रयोग मांडला, त्यात विद्यार्थ्यांनी सलग 4 दिवस रोज 15 मिनिटं मनातल्या अवघड गोष्टीवर लिहिलं. लिहिताना त्यांना वाईटच वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तुम्हीही तेवढंच करा, शुद्धलेखन सोडा, अहिराणीत येत असेल तर अहिराणीतच लिहा, लहानपणी ज्या बोलीत रडलो त्या बोलीत खोटं लिहिणं अवघड जातं. फक्त लिहून आणखीच अंधार वाटायला लागला, जगूच नये असं काही येत असेल, तर वही बंद करून 14416 वर फोन करा, ती सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, मराठीत बोलता येतं.

नंतर माणूस शोधा, एकच. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञांचा 1951 चा प्रयोग आहे, रेषांची लांबी ओळखायची, इतकं सोपं की लहान पोरगंही सांगेल, पण खोलीतले बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे आणि बिचारा खरा विद्यार्थी साधारण तीनातल्या एका वेळी त्यांच्या मागे जायचा. पण एक जरी जण बरोबर उत्तर देणारा बसवला की हे मागे जाणं खूपच कमी व्हायचं. तुमचा तो एक जण मावसबहीण असेल, एखादा जिभाऊ, म्हणजे मोठा भाऊ, असेल, रूममेट असेल. त्याच्याकडून सल्ला नकोय, त्यानं फक्त ऐकून ‘हां, मला पण तसंच दिसतंय’ म्हटलं तरी पुरे.

आणि कोणाला वाटत असेल की हे सगळं घर सोडून दूर जाणाऱ्यांसाठी आहे, तर आपल्या जळगावजवळच्या असोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी आठवा. 1880 चा जन्म, शाळा नाही, ऐन तरुणपणी वैधव्य, घर-शेत-जातं यातच आयुष्य, आणि त्यातच काम करता करता स्वतःच्या बोलीत ओव्या रचल्या, लिहून घेतल्या दुसऱ्यांनी, पुस्तक आलं 1952 मध्ये, त्या गेल्यानंतर. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. परिस्थिती चांगली होती असं मी अजिबात म्हणत नाही, पण आतला आवाज ऐकायला त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही.

प्रत्यक्ष बदल करताना लहानातलं लहान काहीतरी घ्या. भरीत पार्टीला शेतात सगळे जमलेत, तुम्ही कायम वाढायलाच उभ्या असता, तर एकदा पहिल्याच पंगतीला कळण्याची भाकरी घेऊन बसा आणि पोटात काय होतं ते बघा. कोणी टोमणा मारेलच, मारू द्या, उत्तर देऊ नका, जेवा. किंवा पुण्याच्या पाहुण्यांसमोर आईशी नेहमीसारखं अहिराणीत बोला. घरी मोठं काही सांगायचं असेल तर सगळ्यांसमोर, सणाच्या दिवशी नको. आबा संध्याकाळी ओट्यावर एकटे असतील तेव्हा, एका वेळी एकच गोष्ट, आणि ‘तुम्ही मला असं केलं’पासून सुरुवात नको, ‘आबा, मला हे काम आवडतं, सहा महिने करून बघू द्या’ असं. सहा महिन्यांचा हिशोब मात्र खरंच द्या, कारण तो न दिला तर पुढच्या वेळी ते ऐकणार नाहीत.