घाणेरी परत उगवू नये म्हणून: अभयारण्यातली झुडपं मुळाशी कशी तोडावीत

पहिल्या वर्षी आम्ही घाणेरी कोयत्याने तोडली. वीस जण, दोन रविवार, गुडघ्याएवढ्या उंचीवर सपासप वार. संध्याकाळी मोकळी झालेली जमीन बघून सगळे खूश होते. गणपतीच्या सुट्टीत पुन्हा गेलो, तर एकेका खुंटातून सात-आठ धुमारे फुटलेले आणि झुडूप आधीपेक्षा दाट! त्या दिवशी वाटलं, हे कुणीतरी आधी नीट सांगायला हवं होतं. म्हणून हा लेख.

घाणेरी म्हणजे टणटणी. विदर्भात तिला रायमुनियाही म्हणतात. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती शोभेसाठी कोलकात्याच्या बागेत आणली आणि तिथून ती देशभर गेली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं, की देशात वाघ राहतात त्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात घाणेरी शिरली आहे. तिच्या दाट जाळीखाली गवत उगवत नाही. तिचा पाला गुरांना विषारी असतो आणि हरणंही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. गवत नाही म्हणजे चितळ नाही, सांबर नाही. पुढचं सांगायला नको.

आधी परवानगी, मग कुदळ

अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून काडीही काढायची तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. हेतू कितीही चांगला असला तरी आपण होऊन आत जाऊन झुडपं तोडणं हा गुन्हाच आहे. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, म्हणजे रेंजर साहेबांना भेटा. गट मोठा असेल तर उपवनसंरक्षकांना लेखी अर्ज द्या. अर्जात कुठल्या कंपार्टमेंटमध्ये (म्हणजे वनखात्याने नंबर दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात), किती जागेत, किती दिवस आणि पुढची किती वर्षं येणार हे लिहा. हा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम लिहायला सांगतोय. एका रविवारच्या श्रमदानाला होकार मिळवणं सोपं असतं, पण एका रविवारने घाणेरी जात नाही.

सोबत वनरक्षक किंवा गावातला वनमजूर हवाच. कुठल्या जाळीत अस्वल बसतं, कुठे फुरसं दिसतं, कुठल्या ओढ्यावर रानडुकरं येतात हे त्यांना माहीत असतं. जाळीत शिरण्याआधी काठीने आवाज करा, दोन मिनिटं थांबा, मगच वाकून हात घाला.

जागा निवडताना

सगळ्यात माजलेल्या जागेवर तुटून पडावंसं वाटतं. तसं करू नका. जिथे घाणेरी अजून विरळ आहे आणि अधेमधे गवत तग धरून आहे, तिथून सुरुवात करा. तिथे कमी कष्टात जास्त जमीन वाचते आणि मोकळ्या जागेत शिरायला गवत शेजारीच तयार असतं. उतारावर काम असेल तर वरून खाली या, कारण पावसाच्या पाण्याबरोबर बी खालीच वाहून येतं.

एकदम सगळं उघडं करू नका. इतक्या वर्षांत लहान पक्षी, ससे, मुंगसं या जाळीच्याच आडोशाला राहायला लागलेत. पट्ट्यापट्ट्याने काढा. घरटं दिसलं तर ते झुडूप पिल्लं उडेपर्यंत राहू द्या.

ओळख पक्की करा

फुलांच्या गुच्छात मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी किंवा नारिंगी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फुलं नसताना मात्र गफलत होते. घाणेरीची काडी बोटांत फिरवून बघा: चौकोनी लागते, बहुतेकदा बारीक वाकडे काटेही टोचतात. पान समोरासमोर, हाताला पॉलिश पेपरसारखं खरखरीत. चुरगळलं की तो उग्र वास, ज्यावरून तिचं नाव पडलं. पांगळी आणि भामण ही आपलीच झुडपं लांबून घाणेरीसारखी वाटू शकतात. पण त्यांना काटे नसतात, भामणीचं पान तर मऊ लवदार असतं. शंका आली तर ते झुडूप सोडून पुढे जा. एक घाणेरी राहिली तरी चालेल, एक भामण जाता कामा नये.

वेळ

पहिले दोन-तीन चांगले पाऊस पडून गेले, माती मऊ झाली की सुरुवात करा, साधारण जुलै-ऑगस्ट. उन्हाळ्यात मुरमाड जमिनीत कुदळ चालत नाही आणि लोक कंटाळून पुन्हा कोयत्याकडे वळतात. फळं पिकण्याआधी काम उरकणं महत्त्वाचं. काळी फळं दिसलीच तर आधी ती खुडून गोणीत भरा. लहानपणी आम्ही ती काळी गोड फळं खायचो, बुलबुल आणि साळुंक्याही खातात, आणि नेमकं त्यामुळेच बी सगळीकडे पोहोचतं. हिरवी फळं विषारी असतात; सोबत मुलं असतील तर त्यांना कुठलंच फळ तोंडात घालू देऊ नका.

तोडायची कशी

दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरून दाखवलेली ही पद्धत आहे. ना औषध, ना यंत्र. एकच गोष्ट समजून घ्यायची: धुमारे फुटतात ते खोड आणि मूळ जिथे जुळतं त्या गाठीतून. गाठ जमिनीत राहिली तर झुडूप परत येतं. गाठीसकट वर निघालं तर खाली उरलेलं मूळ सहसा काही करू शकत नाही.

कुदळ, कोयता, जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट एवढं पुरतं. दोघांची जोडी करा. एकाने कोयत्याने बाहेरच्या फांद्या थोड्या छाटून बुंध्यापर्यंत वाट करायची आणि काठीने किंवा दोराने झुडूप एका बाजूला झुकवून धरायचं. दुसऱ्याने बुंध्याभोवतीचा पाला आणि माती हाताने बाजूला करायची. आता नीट बघा. सगळ्या फांद्या जिथून निघतात तिथे मुठीसारखा फुगीर, गाठाळ भाग दिसेल. त्याच्या खाली मूळ एकदम निमुळतं होतं. जमिनीच्या दोन-तीन बोटं खाली, त्या निमुळत्या जागी कुदळीचा तिरपा घाव घाला. मऊ मातीत दोन-तीन घावांत मुख्य मूळ तुटतं. मग झुडूप खाली पडत नाही, सैल होऊन हलायला लागतं. तो क्षण हाताला लगेच कळतो.

सबंध मूळ खणून काढायच्या भानगडीत पडू नका. वेळ जातो, आणि माती जितकी जास्त उकरली जाईल तितकी ती पावसात वाहून जाईल.

निघालेलं झुडूप उलटं ठेवा: फांद्या खाली, गाठ वर, आभाळाकडे. ओल्या मातीला गाठ टेकून राहिली तर ती पुन्हा मुळं धरते, पण उलटं ठेवलेलं वाळून जातं. शक्य असेल तर खडकावर रचा. जाळायचं की नाही हा निर्णय वनखात्याचा. जंगलात काडी आपण पेटवायची नाही. कर्नाटकात मले महादेश्वर डोंगरातले सोलिगा आदिवासी कारागीर घाणेरीच्या काड्यांपासून खुर्च्या-टेबलं बनवतात आणि ती खरोखर टिकाऊ असतात. तसं करायचं असेल तर माल बाहेर न्यायची वेगळी परवानगी घ्या आणि फळं असलेल्या फांद्या अजिबात नेऊ नका.

मोकळ्या जमिनीचं काय

मोकळी जमीन तशीच सोडली तर तिथे नवी घाणेरी येते, नाहीतर रानमोडी, नाहीतर गाजरगवत. म्हणून आदल्या हिवाळ्यातच त्याच जंगलातल्या गवतांचं पिकलेलं बी जमवून ठेवा: मारवेल, पवना, कुसळी. झुडपं काढली त्याच दिवशी ते मातीवर फेका आणि हाताने किंवा फांदीने हलकेच मातीत मिसळा. बाहेरून विकत आणलेलं चाऱ्याचं बी नको. गिरीपुष्प आणि सुबाभूळ तर मुळीच नको, त्याही परदेशीच. पूर्वी जिथे माळ होता तिथे झाडं लावण्याचा आग्रह धरू नका. वृक्षारोपणाचा फोटो छान येतो, पण चितळाला तिथे गवतच हवं असतं. मेळघाट आणि ताडोब्यात पुनर्वसन झालेल्या गावांच्या जुन्या शेतांवर आज कुरणं उभी आहेत, ती एकदा जाऊन बघा.

गाजरगवत आलं तर फुलं यायच्या आत उपटा. हातमोजे आणि नाकाला रुमाल हवाच, कारण त्याची ॲलर्जी वाईट असते. पानांवर काळ्या नागमोडी रेघांचे पांढरट भुंगेरे दिसले तर त्यांना हात लावू नका. गाजरगवत खाण्यासाठीच १९८०च्या दशकात ते मेक्सिकोतून आणून सोडले आहेत.

पुढची तीन वर्षं

बहुतेक गट इथे गळतात. पुढच्या पावसाळ्यात बियांतून रोपं उगवणारच. ती सगळीकडे शोधत फिरू नका. पक्षी जिथे बसतात त्या झाडांखाली आणि पाणी वाहतं त्या घळींमध्ये बघा. बहुतेक तिथेच सापडतील. वीतभर रोप ओल्या मातीतून दोन बोटांनी उपटून येतं. तेच पुढच्या वर्षावर टाकलं तर पुन्हा कुदळ काढावी लागते. पावसाळ्यात दोन फेऱ्या आणि दिवाळीनंतर एक, अशी तीन वर्षं करा.

पहिल्या दिवशी एक ठळक दगड ठरवा आणि दर वेळी त्याच्यावरच उभं राहून त्याच दिशेने फोटो काढा. मागे तारीख आणि उपटलेल्या रोपांचा आकडा लिहून एक प्रत वनरक्षकाकडे द्या. बदली होऊन नवा गार्ड आला, तर काम कुठपर्यंत आलंय हे त्याला त्या फोटोंवरूनच कळेल.