'मी'ला पकडायचं कसं

बौद्ध शिकवणीतलं अनात्म, म्हणजे शरीर-मनात कशालाच आत्मा म्हणता येत नाही, म्हटलं की लोकं लगेच विचारतात मग मी नाहीच का, आणि तिथेच अडकतात. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने (फिरत्या संन्याशाने) बुद्धांना थेट हेच विचारलं होतं, आत्मा आहे की नाही, तर बुद्ध गप्प बसले. तेव्हा तो वाद ठेवा बाजूला, करायचं काम वेगळंच आहे.

सारनाथला पंचवर्गीय भिक्खूंना (बुद्धांचे पहिले पाच शिष्य) दिलेल्या दुसऱ्या उपदेशात मुद्दा एकदम साधा आहे, शरीर खरंच 'माझं' असतं तर 'असं हो, तसं होऊ नको' म्हटल्यावर ऐकलं नसतं का? शरीर हा पाच स्कंधांपैकी, म्हणजे ज्यांना आपण 'मी' समजतो त्या पाच भागांपैकी एक; वेदना (सुखद-दुःखद जाणवणं), संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाच्या घडणी, इच्छा), विज्ञान (जाणीव), बाकी चार स्कंधांचंही तेच. वाचून पटतं पण आत काही हलत नाही, म्हणून करून बघा. दहा मिनिटांचा टायमर लावून बसा आणि ठरवा की आता एकही विचार नको, मग बघा मन किती ऐकतं ते. गुडघा दुखायला लागला की 'माझा गुडघा' न म्हणता नुसतं दुखतंय ते बघा, वाढतं, सरकतं, कमी होतं (अगदीच असह्य झालं तर पाय हलवा, उगाच हट्ट धरून बसणारा पण 'मी'च असतो). जे दिसेल त्याला लावा: हे माझं नाही, हा मी नाही, हा माझा आत्मा नाही. पालीत नेतं मम, नेसोहमस्मि, न मेसो अत्ता. नुसतं घोकून उपयोग नाही.

दिवसभरात रागात 'मी' पटकन सापडतो, कोणी तोडून बोललं की "मला? मला असं बोलला?" सुरूच होतं. कौतुकात मात्र तो हाताला लागत नाही कारण पकडायची इच्छाच नसते, त्यामुळे कोणी वाहवा केली की आधी चेक करा.

आणि 'माझा अहंकार गेला' असं वाटलं तर थांबा. दहा संयोजनांत, म्हणजे मनाला बांधून ठेवणाऱ्या बंधनांत, सक्कायदिट्ठी ('स्कंध म्हणजे मी' ही समजूत) पहिली आहे, पण मान ('मी आहे' हा भाव) आठव्या क्रमांकावर आहे, तो अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, होईपर्यंत सुटत नाही. आजारी खेमक भिक्खू म्हणाले होते की पाचही स्कंधांत मला 'मी' दिसत नाही तरी 'मी आहे' ही भावना उरलीय, धुतलेल्या कपड्याला क्षाराचा वास राहतो तशी. उपाय पण त्यांनी तोच सांगितला, स्कंध येताना-जाताना बघत राहायचं. आणि हे समजावून सांगता सांगताच ते स्वतः आणि ऐकणारे साठेक थेर (ज्येष्ठ भिक्खू) मुक्त झाले, असं सुत्तात (बुद्धवचनांच्या पाली ग्रंथात) आहे.