लस घेऊनही रेबीज का होतो? कुत्रा चावल्यावर या चुका टाळा

कुत्रा चावला, इंजेक्शनं घेतली, तरी माणूस रेबीजने गेला, अशी बातमी आली की पहिला संशय लसीवर. फ्रिज बंद पडला असेल, लस खराब असेल. क्वचित तसंही होतं. पण खोलात गेलं की बहुतेक वेळा चूक पहिल्याच दिवसाची निघते: जखम धुतलेली नसते, सीरम (विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दिलेलं नसतं, किंवा दिलेलं असतं ते भलत्याच जागी.

हा विषाणू रक्तातून फिरत नाही. चावलेल्या जागी काही काळ रेंगाळतो आणि तिथल्या मज्जातंतूत शिरून मेंदूची वाट धरतो. एकदा तंतूत शिरला की प्रतिपिंडांचा त्याच्यावर फारसा जोर चालत नाही. लसीमुळे शरीरात पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा ते दोन आठवडे जातात. तोवर विषाणूला जखमेतच अडवायचं काम साबण-पाणी आणि सीरम करतात. चेहरा, डोकं, मान, बोटं इथे मज्जातंतू दाट असतात. चेहऱ्यावरून मेंदू जवळही पडतो. म्हणून लहान मुलाच्या गालावरचा चावा पायाच्या चाव्यापेक्षा जास्त धोक्याचा.

पाणी कमी, मिरची जास्त

हळद, तिखट, चुना, रॉकेल, झाडपाला यातलं काहीही जखमेवर नको. याने आग होते, पेशी दुखावतात आणि विषाणू आणखी आत ढकलला जातो. साध्या साबणाने मात्र विषाणूचं स्निग्ध आवरण फुटतं. नळाखाली, वाहत्या पाण्यात, घड्याळ लावून १५ मिनिटं धुवा. बादलीत पाय बुडवून बसणं म्हणजे धुणं नव्हे. सुळा लागला असेल तर भोक बारीक पण खोल असतं, तिथे धार थेट आत जाऊ द्या. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. चावून काही तास उलटले असले तरी धुवायचंच.

जखमेला लगेच टाके घालण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. चेहऱ्यावर टाके घालणं भागच असेल तर आधी सीरम, मग काही तासांनी सैल आणि मोजकेच टाके. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल तर घ्या, पण त्याचा रेबीजशी काही संबंध नाही. ‘टीटी घेतलंय’ म्हणून निश्चिंत राहणारे अजूनही भेटतात.

‘नुसतं नखच लागलंय’

धड, न फाटलेल्या कातडीला कुत्र्याने चाटलं तर काही लागत नाही, धुऊन टाका. रक्त न येता ओरखडा उठला तर ही दुसरी श्रेणी: लस हवी. रक्त आलं, दात कातडीतून आत गेला, कापलेल्या जागी चाटलं, किंवा डोळ्यात-तोंडात लाळ गेली, तर ही तिसरी श्रेणी: लस आणि सीरम दोन्ही. रक्ताचा एक थेंबही पुरतो. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना दुसऱ्या श्रेणीतही सीरम देतात.

गावाकडची एक चूक हमखास होते. रेबीज झालेली गाय-म्हैस लाळ गाळते, चारा गिळत नाही, म्हणून घशात काही अडकलंय असं समजून मालक तोंडात हात घालतो. हातावर विळ्याचे काप असतातच. तेही तिसऱ्या श्रेणीतच. उलट, त्याच म्हशीचं उकळलेलं दूध प्यायल्याने कुणालाही इंजेक्शन लागत नाही.

सीरम दंडात नाही, जखमेत

सीरम म्हणजे तयार प्रतिपिंडं. त्यांचं काम जखमेत आहे, म्हणून सुई जखमेच्या आत आणि कडेने टोचायची. दुखतं म्हणून दंडात किंवा कमरेत दिलं तर मुद्दाच हुकतो. घोड्यापासूनचं सीरम किलोला ४० युनिट: १५ किलोच्या मुलाला ६०० युनिट, म्हणजे मिलीलिटरमागे ३०० युनिटच्या कुपीतून २ मिली. मानवी सीरम किलोला २० युनिट. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटचं मोनोक्लोनल (प्रयोगशाळेत बनवलेलं, एकाच प्रकारचं) प्रतिपिंड किलोला ३.३३ युनिट, आकडा लहान दिसतो म्हणून डोस अपुरा समजू नये.

जखमा जास्त आणि सीरम थोडं असेल तर सलाइन मिसळून वाढवायचं, पण एकही जखम सोडायची नाही. केसांत, कानामागे, बोटांच्या बेचक्यात शोधा. तिथली राहून गेलेली एक जखम महागात पडते. लस आणि सीरम एका सिरिंजमध्ये नको, एका जागीही नको. घोड्याचं सीरम घेतल्यावर तासभर दवाखान्यातच थांबा.

पहिल्या दिवशी सीरम मिळालं नाही तर लस सुरू करा आणि सीरम असलेलं रुग्णालय गाठा; पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंत ते देता येतं. त्यानंतर नको, कारण शरीराची स्वतःची प्रतिपिंडं आलेली असतात. ज्याने लस सुरूच केली नाही त्याने मात्र महिन्यांनी आला तरी दोन्ही घ्यावीत. रेबीजची लक्षणं बहुधा एक ते तीन महिन्यांत दिसतात, कधी वर्षानंतरही. ‘रक्त तपासून बघू’ याला अर्थ नाही. लक्षणं दिसण्याआधी संसर्ग दाखवणारी तपासणीच नाही.

तारखा आणि जागा

शून्य दिवस म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस, चावल्याचा नव्हे. कातडीतली लस ०, ३, ७, २८ या दिवशी, प्रत्येक वेळी दोन ठिकाणी ०.१ मिली. स्नायूतली ०, ३, ७, १४, २८. पहिली सुई ४ मार्चला घेतली तर कातडीतले पुढचे डोस ७ मार्च, ११ मार्च आणि १ एप्रिलला. सर्वात जास्त बुडतो तो हाच शेवटचा. डोस चुकला तर राहिलेला लवकर घ्या; पहिल्यापासून सुरुवात नको, ब्रँड बदलला तरी नको.

कातडीतल्या सुईनंतर लगेच छोटा फुगवटा दिसायला हवा. नाही दिसला तर लस खाली उतरली. शेजारी पुन्हा टोचून घ्यावी. स्नायूतली लस दंडात, तान्ह्या बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात. कमरेत कधीच नको, तिथल्या चरबीत ती वाया जाते. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या बाईलाही पूर्ण कोर्स द्यायचा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती जुन्या लसीची. ती सरकारी दवाखान्यांतून जाऊन वीस वर्षं झाली.

कुत्रा मारला, पुरावा गेला

कुत्र्या-मांजरावर १० दिवस नजर ठेवायची असते, कारण लक्षणांच्या जेमतेम काही दिवस आधी विषाणू लाळेत येतो. पण लस आजच सुरू करायची, १० दिवस वाट बघायची नाही. जनावर ठणठणीत राहिलं तर स्नायूतल्या कोर्समधला १४ व्या दिवसाचा डोस डॉक्टर गाळू शकतात. माकड, मुंगूस, गुरं यांना हा नियम लागू नाही. घरच्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी त्याच्या चाव्यावरही लस घ्यायचीच.

केसपेपर फेकू नका. पूर्ण कोर्स झालेल्याला पुन्हा कुत्रा चावला तर जखम धुऊन ० आणि ३ या दिवशी दोनच डोस लागतात, सीरम नाही. कागद नसेल तर डॉक्टर सगळं पहिल्यापासून देतील, आणि तसंच द्यायलाही हवं.