विजेविना चालणारा क्लोरीनचा वॉटर प्युरिफायर कसा निवडावा

क्लोरीनवर किंवा चांदीवर चालणारा प्युरिफायर पाण्यातील जंतू मारतो. पाण्यात विरघळलेले क्षार मात्र तो काढत नाही. दुकानात जाण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवले, तर निम्मी निवड घरीच होते. पाणी नगरपालिकेच्या नळाचे आहे, चवीला गोडे आहे आणि काळजी आहे ती पावसाळ्यातील जुलाब, कावीळ व विषमज्वर यांची, तर अशा घराला क्षार काढणाऱ्या आर.ओ. यंत्राच्या खर्चात पडण्याचे सहसा कारण नसते. याउलट अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाण पट्ट्यातील बोअरचे मचूळ पाणी किंवा यवतमाळ, चंद्रपूर भागातील फ्लोराइडयुक्त पाणी या यंत्रातून कितीही वेळा गाळले, तरी त्यातील दोष जसाच्या तसा राहील.

म्हणून आधी पाणी तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्याच्या आय.एस. १०५०० या भारतीय मानकानुसार विरघळलेल्या एकूण क्षारांचे, म्हणजे टी.डी.एस.चे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट मानले आहे, तर नायट्रेटची मर्यादा ४५ आणि फ्लोराइडची इष्ट मर्यादा १ मिलिग्रॅम आहे. टी.डी.एस. मीटर फक्त एकूण क्षार दाखवतो. त्यात फ्लोराइड किती, नायट्रेट किती, हे त्याला कळत नाही. त्यामुळे विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत शासकीय प्रयोगशाळेत तपासून घेणे श्रेयस्कर. काही विक्रेते घरी येऊन पाण्यात विजेच्या दोन कांड्या बुडवतात, पाणी पाहता पाहता तांबूस-काळे होते आणि घरातील मंडळी घाबरतात. तो रंग बहुतांशी त्या कांड्यांच्याच लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार आहेत म्हणून वीज वाहते, एवढेच त्यातून सिद्ध होते. जंतूंविषयी हा प्रयोग काहीही सांगत नाही.

क्लोरीनच्या यंत्राची रचना साधी असते. वरच्या टाकीत ओतलेले पाणी आधी जाळीतून आणि मग कार्बनच्या घट्ट ठोकळ्यातून झिरपते. तेथे गाळ, कीटकनाशकांचा काही अंश आणि परजीवींच्या पुटी, म्हणजे कवचात बंद झालेले परजीवी, अडतात. पुढे क्लोरीनच्या गोळ्यांवरून ठरावीक मात्रा घेऊन ते एका कप्प्यात काही काळ थांबते, कारण क्लोरीनला जंतू मारायला वेळ लागतो. शेवटी आणखी एका कार्बनमधून जाताना उरलेला क्लोरीन आणि त्याचा वास निघून जातो. हिंदुस्थान युनिलिव्हरने २००४ मध्ये चेन्नईत आणलेला ‘प्युअरइट’ याच पद्धतीचा होता. २००९ मध्ये आलेल्या ‘टाटा स्वच्छ’मध्ये क्लोरीनऐवजी भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेले होते. विषाणूंच्या बाबतीत चांदीपेक्षा क्लोरीन अधिक भरवशाचा आहे, आणि कावीळ पसरवणारे विषाणूच असल्यामुळे माझा कल क्लोरीनकडे आहे. मात्र क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीला क्लोरीन दाद देत नाही. तेथे सगळी भिस्त कार्बनच्या ठोकळ्यावर असते. घरात प्रतिकारशक्ती क्षीण झालेला रुग्ण असेल, तर त्याच्यापुरते पाणी उकळूनच द्यावे.

खोक्यावरील दावा नीट वाचावा. जिवाणू ९९.९९९९ टक्के, विषाणू ९९.९९ टक्के आणि पुटी ९९.९ टक्के नष्ट होणे वा अडणे, हा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा निकष आहे. नुसते ‘बॅक्टेरियामुक्त’ असे लिहिले असेल, तर विषाणूंचे काय, हे दुकानदाराला अवश्य विचारावे.

खरा खर्च यंत्राचा नसून किटचा, म्हणजे ठरावीक पाणी गाळल्यावर बदलाव्या लागणाऱ्या आतल्या संचाचा असतो, आणि स्वस्त-महाग तेथेच ठरते. समजा १५०० लिटरचे किट ६०० रुपयांना मिळते. म्हणजे लिटरमागे ४० पैसे पडले. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून रोज १० लिटर पाणी लागणाऱ्या घरात ते सुमारे पाच महिने पुरेल. हाच हिशेब दुसऱ्या यंत्राचा मांडून तुलना करावी. यंत्रावर भरघोस सूट आहे, पण किट तालुक्याच्या गावी मिळत नाही, असा सौदा करू नये. किट त्याच मॉडेलचे आहे का, सीलबंद आहे का आणि त्याची मुदत किती, हे पाहूनच पैसे द्यावेत. किट संपल्यावर पाणी आपोआप बंद होण्याची सोय असलेलेच यंत्र घ्यावे, कारण निव्वळ रंग बदलणारी खूण स्वयंपाकघराच्या घाईत कोणी पाहत नाही. खोक्यावर लिहिलेली क्षमता अनेकदा सगळ्या टाक्यांची मिळून असते; तेव्हा खालच्या टाकीत शुद्ध पाणी किती मावते, ते वेगळे विचारावे.

गढूळ पाण्याने कार्बनचा ठोकळा लवकर तुंबतो आणि धार बारीक होते. पावसाळ्यात पाण्यात तुरटी फिरवून ते काही तास निवळू द्यावे आणि मग वरचे नितळ पाणी फडक्यातून गाळून यंत्रात ओतावे. किट जास्त दिवस टिकते. नवे किट बसवल्यावर माहितीपत्रकात सांगितले असेल तेवढे सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी वापरू नये. शेवटच्या टप्प्यात क्लोरीन निघून गेलेला असल्यामुळे खालच्या टाकीतील पाण्याला पुढे कसलेच संरक्षण राहत नाही. ते माठात ओतून वरून पेला बुडवला, तर सगळी मेहनत वाया जाते. पाणी तोटीनेच घ्यावे, शक्यतो त्याच दिवशी संपवावे आणि खालची टाकी दर आठवड्याला धुवावी. धुताना मात्र तिच्यात नळाचे पाणी शिल्लक राहू देऊ नये.