सामायिक ज्युपिटर सर्व्हर: सांगलीतल्या वाचनालयासाठी किंवा क्लाससाठी सुरक्षित मांडणी

ज्युपिटर म्हणजे ब्राउझरमध्ये कोड लिहून चालवायचे साधन. त्याची नोटबुक दिसते वहीसारखी, पण तिच्या प्रत्येक सेलमधून, म्हणजे कोडच्या चौकटीतून, थेट सर्व्हरवर हुकूम चालतो. टर्मिनल उघडता येते, फायली पुसता येतात, त्याच नेटवर्कवरचा दुसरा संगणकही गाठता येतो. नोटबुक वापरायला देणे म्हणजे सर्व्हरसमोर खुर्ची देणे, हे धरूनच सगळी मांडणी करायची.

नेहमीची चूक अशी असते. लिनक्स मशीनवर साधी ज्युपिटर चालू करायची, ८८८८ पोर्ट, म्हणजे तिचे नेटवर्कवरचे दार, सगळ्यांसाठी उघडायचा, लॉगिनला टोकन (पासवर्डसारखा लांब शब्द) मागते म्हणून टोकनच बंद करायचे आणि लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. असे उघडे पोर्ट हुडकणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, इंटरनेटवर अखंड फिरत असतात. सापडले की तिथे क्रिप्टो मायनिंगचा, म्हणजे तुमच्या मशीनवर दुसऱ्यासाठी आभासी चलन कमावणारा, प्रोग्राम बसतो. बाहेरचे कोणी आले नाही तरी सगळी मुले एकाच युजरखाली काम करत असतात. एकाने चुकून फोल्डर पुसला की सगळ्यांचे काम जाते, आणि कोणाकडून गेले तेही कळत नाही.

वाचनालय, अभ्यासिका किंवा गावातल्या क्लाससाठी ‘द लिटलेस्ट ज्युपिटरहब’ (टीएलजेएच) पुरेसे आहे. त्यातला हब सगळ्यांचे लॉगिन सांभाळतो आणि प्रत्येकाचा वेगळा नोटबुक सर्व्हर सुरू करतो. ते एकाच मशीनसाठी आणि साधारण १०० जणांपर्यंतच्या गटासाठी बनवलेले आहे. प्रत्येकाला वेगळे लिनक्स खाते आणि वेगळे होम फोल्डर मिळते.

मेमरीचा हिशेब

एका वेळी बसणारी मुले गुणिले प्रत्येकाची मर्यादा, अधिक हबसाठी १२८ एमबी. २० मुले आणि प्रत्येकी ५१२ एमबी धरली तर १०,३६८ एमबी होतात, म्हणजे १६ जीबी रॅमचे मशीन घ्या. मर्यादा आपोआप लागत नाही. टीएलजेएच-कॉन्फिग या हुकुमाने ‘लिमिट्स डॉट मेमरी’ स्वतः ठरवावी लागते, आणि त्यानंतर रीलोड केल्याशिवाय ती लागू होत नाही. एखाद्या मुलाचा नोटबुक सर्व्हर आधीच सुरू असेल तर त्याला जुनीच मर्यादा राहते. तो थांबवून पुन्हा सुरू करायला सांगा.

हे काम टाळू नका. तासगावच्या बेदाणा सौद्यांची मोठी सीएसव्ही (तक्त्याची फाइल) पांडास या पायथनच्या साधनात उघडली की फाइलच्या आकाराच्या कितीतरी पट मेमरी लागू शकते, आणि शिकणारी मुले तोच तक्ता तीन-चार नावांनी धरून ठेवतात. मर्यादा असेल तर फक्त त्या मुलाचा कर्नल, म्हणजे त्याचा कोड चालवणारी प्रक्रिया, बंद पडून पुन्हा सुरू होतो. नसेल तर रॅम संपल्यावर लिनक्स स्वतःच एखादी प्रक्रिया निवडून मारते. ती दुसऱ्याच मुलाची असू शकते, हबचीही असू शकते.

डिस्कचेही तसेच आहे, फक्त तिचे दुखणे उशिरा समजते. होम फोल्डरांसाठी वेगळे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, करा. सगळे एकाच पार्टिशनवर असेल तर ते भरल्यावर हबला स्वतःच्या डेटाबेसमध्ये काही लिहिता येत नाही आणि लॉगिन अडते. माणशी मर्यादेची सोय टीएलजेएचमध्ये नाही, ती लिनक्सच्या कोटा साधनाने लावा. सुरुवातीला प्रत्येकी २ जीबी पुरते.

कोणत्या क्रमाने बसवायचे

कोरे मशीन घ्या, त्यावर उबुंटू लिनक्सची सध्याची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती टाका. वाचनालयाच्या नोंदवहीचा किंवा हिशेबाचा संगणक यासाठी वापरू नका, कारण टीएलजेएचचा इन्स्टॉलर पूर्ण मशीन आपलेच समजून बदल करतो. सुरक्षा अपडेट आपोआप होतील असे ठेवा. फायरवॉल चालू करण्याआधी एसएसएचला, म्हणजे दुरून मशीनवर हुकूम देण्याच्या वाटेला, परवानगी द्या. दुरून काम करताना हा क्रम उलटा झाला की स्वतःलाच बाहेर कोंडून घेतल्यासारखे होते. बाहेरून वेबचे ८० व ४४३ हे पोर्ट आणि एसएसएच सोडून काही उघडे नको.

इन्स्टॉलर चालवताना ॲडमिनचे नाव आणि पासवर्ड दोन्ही तिथेच द्या. नुसते नाव दिले तर त्या नावाने जो पहिला लॉगिन करेल त्याचा पासवर्ड पक्का होतो. मुलांच्या खात्यांनाही हाच नियम आहे: ॲडमिनने यादीत नाव घातले की पहिल्या लॉगिनला टाकलेला शब्द हाच पासवर्ड. म्हणून यादी आदल्या रात्री भरून ठेवू नका. सगळे समोर बसलेले असताना नावे घाला आणि तिथल्या तिथे प्रत्येकाला लॉगिन करायला लावा.

त्याआधी एचटीटीपीएस (ब्राउझर ते सर्व्हर सांकेतिक जोडणी) झालेले हवे, नाहीतर पासवर्ड वाय-फायवरून उघडा जातो. डोमेन नाव असेल तर त्याला लागणारे लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र टीएलजेएच स्वतः घेते आणि मुदत संपण्याआधी नवे करते. इथे अडते ते इंटरनेट कनेक्शनवर. घरगुती ब्रॉडबँडमध्ये अनेकदा एकच पब्लिक आयपी बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो. मग राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करूनही बाहेरून काही पोचत नाही. अशा वेळी कंपनीकडून स्वतंत्र पब्लिक आयपी घ्या, किंवा पब्लिक आयपी असलेल्या दुसरीकडच्या मशीनमार्फत वायरगार्डचे व्हीपीएन (ठरावीक लोकांपुरते खाजगी नेटवर्क) लावून सर्व्हर फक्त त्यातून उघडा ठेवा. ओळखीच्या २० जणांसाठी व्हीपीएन हाच जास्त सुरक्षित मार्ग आहे.

सर्व्हर ज्या राउटरला जोडला आहे त्याच राउटरवर वाचनालयाचा प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) आणि कार्यालयाचा संगणक असेल, तर नोटबुकमधून त्या सगळ्यांपर्यंत जाता येते. कित्येक डीव्हीआरवर कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच असतो. सर्व्हरला वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच राउटरवरचे वेगळे नेटवर्क, द्या. राउटरमध्ये ती सोय नसेल तर दुसरे कनेक्शन घ्या.

रोजचा वापर

ॲडमिनला टर्मिनलमध्ये पासवर्ड न देता रूटचे, म्हणजे मशीनच्या सर्वेसर्वा खात्याचे, अधिकार मिळतात. त्यामुळे ॲडमिन दोनच ठेवा, आणि त्यांनी शिकवण्यासाठी साधे खाते वेगळे वापरावे. मुलाने पाठवलेली नोटबुक ॲडमिन खात्यात चालवली की तिच्यातला कोड रूट होऊ शकतो.

सगळ्यांना लागणारा डेटा, म्हणजे कोयनेच्या विसर्गाचे आकडे, आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी, हळदीचे दर, रूटच्या मालकीच्या एका फोल्डरात ठेवा. इतरांना फक्त वाचण्याची परवानगी द्या आणि त्याचा दुवा ‘स्केल’ (/etc/skel) या साचा-फोल्डरात टाका. साच्यातली वस्तू खाते तयार होतानाच उतरते, म्हणून आधीच्या मुलांच्या होममध्ये दुवा हाताने करावा लागतो.

दोघातिघांनी एकाच नोटबुकवर एकदम लिहायची सोयही आहे. मात्र तिथे कोणीही सेल चालवली तरी ती नोटबुकच्या मालकाच्या खात्याखाली चालते. गटकामासाठी वेगळे गट-खाते काढा, कोणाचे वैयक्तिक खाते वापरू नका. नोटबुक दुसऱ्याला देण्याआधी सगळे आउटपुट पुसा. एपीआय किल्ली (बाहेरची सेवा वापरायचा गुप्त शब्द) कोडमधून काढून टाकली तरी खाली छापलेल्या आउटपुटात ती राहून जाते.

१० मिनिटे वापर नसलेला मुलाचा नोटबुक सर्व्हर टीएलजेएच आपोआप बंद करते. फाइल टिकते, पण मेमरीतले व्हेरिएबल जातात, आणि चहाहून परतलेली मुले गोंधळतात. या आपोआप बंद करण्याच्या, म्हणजे ‘कल’च्या (cull), सेटिंगमधली वेळ ३,६०० सेकंद करा.

महिन्यातून एकदा साध्या खात्याने लॉगिन करून दुसऱ्याचे होम फोल्डर उघडून पाहा. ‘परवानगी नाही’ असे उत्तर यायला हवे. कोणाचा सीपीयू रात्रभर शंभर टक्के चालतो तेही बघा. मायनिंग असेल तर तिथेच दिसते.

वीज, पूर आणि बॅकअप

यूपीएस यूएसबीने जोडा आणि बॅटरी उतरली की मशीन नीट बंद होईल असे लावा. वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, असते. मशीन तळमजल्यावर नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते.

बॅकअप रोज रात्री रेस्टिक या प्रोग्रामने घ्या: होम फोल्डर, सामायिक डेटा आणि टीएलजेएचचे कॉन्फिग व स्टेट हे दोन फोल्डर. तो सांगलीतल्याच दुसऱ्या गल्लीत ठेवून भागत नाही, कऱ्हाडही कृष्णाकाठीच आहे. जत किंवा विट्याकडे कोणाकडे जागा असेल तर तिथे एक जुना संगणक पुरतो. रेस्टिक बॅकअप कुलूपबंद करते, पण तिचा पासवर्ड हरवला तर आतले काहीच परत मिळत नाही. तो कागदावर लिहून दोन वेगळ्या घरी ठेवा. जून लागण्याआधी एका मुलाचे होम फोल्डर त्या बॅकअपमधून दुसऱ्या मशीनवर उतरवून त्यातली नोटबुक उघडते का ते तपासा.