जुनं पत्रा बेंडिंग मशीन घेताय? या चुका टाळा

विकणाऱ्यानं वाकवून दाखवलेल्या तुकड्यावर मशीन पसंत करू नका. मी पहिल्यांदा तेच केलं. चार फुटी हँड बेंडिंग मशीन बघायला गेलो, मालकानं 24 गेजचा पातळ, वीतभर तुकडा घातला, हँडल उचललं, कोपरा एकदम गुण्यात, म्हणजे काटकोनात. घरी आणून ट्रे करायला 18 गेजचा जाड, चार फूट पत्रा घातला, तर दोन्ही टोकं 90 अंशांत आणि मधे कोन उघडाच. त्या ट्रेवर झाकण काही बसलं नाही.

पत्र्याची जाडी दुप्पट झाली की वाकवायला चौपट जोर लागतो. 24 गेज म्हणजे साधारण 0.56 मिमी, 18 गेज 1.2 मिमी. त्यात वीतभराच्या जागी चार फूट. मशीनवर वीस-पंचवीस पट भार आला, आणि पुढचा बीम, म्हणजे हँडलबरोबर वर येऊन पत्रा वाकवणारा आडवा भाग, मधे दबला.

म्हणून पत्रा आपला घेऊन जा, जो घरी वापरणार तोच. त्याच्या दोन-दोन इंची तीन पट्ट्या कापा. डावीकडे, मधे, उजवीकडे ठेवून एकाच वेळी वाकवा आणि एकमेकींवर ठेवून कोन ताडून बघा. कोनात फरक आला तर सेटिंग तरी बिघडलंय, नाहीतर झीज आहे. पट्ट्या सारख्या, पण पूर्ण लांबीचा पत्रा मधे उघडा, तर बीम दबतोय. बीम मधे दबू नये म्हणून त्याला ताणाचा रॉड असेल तर त्याचा नट थोडा थोडा आवळून बघता येतं. रॉडच नसेल तर तेवढी जाडी त्या मशीनची नव्हे.

पुढच्या बीमचं टोक दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. खडखड वाजलं म्हणून लगेच परत फिरू नका. बिजागरीची पिन आणि ती जिच्यात फिरते ती नळी, म्हणजे बुश, कुठलाही लेथवाला नवीन करून देतो, तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या. पण बिजागरीचा कान (पिन धरणारा भाग) बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असेल आणि त्यावर वेल्डिंग दिसलं, तर मी ते मशीन घेणार नाही. बिडाचं वेल्डिंग भाराखाली पुन्हा तडकतं. नवा रंग असेल तर नेमकं तिथेच खरवडून बघा.

पत्रा दाबून धरणाऱ्या वरच्या बीमच्या धारेवरून नख फिरवा. कुणीतरी त्यात सळई वाकवलेली असते, आणि तो खड्डा प्रत्येक बेंडवर उमटतो. प्लेटवर लिहिलेली क्षमता बहुधा एमएस (माइल्ड स्टील, साध्या लोखंडी) पत्र्याची असते, स्टेनलेससाठी 18 गेजचं मशीन 20 गेजचंच समजा. हँडलला पाइप घालून जोर वाढवू नका, पिन वाकते.

घरी आणल्यावर एका टोकाला कोन कमी येतो, ही तक्रार बऱ्याच जणांची. आधी लेव्हल लावा. उंचसखल फरशीवर बोल्ट आवळले की फ्रेम पिळते. मग वरची धार बेंडच्या रेषेपासून किती मागे आहे ते बघा. पातळ पत्र्याला साधारण पत्र्याच्या जाडीएवढी जागा हवी, आणि दोन्ही टोकांना सारखीच. ती मोजायला मी त्याच पत्र्याचा तुकडा फटीत उभा धरतो. एका टोकाला तो अडकला आणि दुसऱ्या टोकाला सैल गेला, तर दोष तिथेच आहे.