मानसशास्त्रज्ञ आणि डोंगरवेड्या ज्येष्ठाचा मृत्युलेख कसा लिहावा

मानसशास्त्रज्ञाच्या कामातला सर्वात मोलाचा भाग बंद दाराआड झालेला असतो आणि तो सांगता येत नाही. मग ही रिकामी जागा 'मनमिळाऊ', 'हसतमुख', 'निसर्गप्रेमी' अशा शब्दांनी भरली जाते आणि लेख कुणालाही लागू पडेल असा होतो. त्याऐवजी काम करण्याची पद्धत, तो काळ आणि भटकंतीचे नेमके तपशील लिहा. ६०० शब्दांच्या लेखात निधनाच्या माहितीला साठेक शब्द पुरतात. कामाला अडीचशे आणि भटकंतीला दोनशे द्या, उरलेले कुटुंबाला.

आधी कागद गोळा करा, आठवणी नंतर. पदवीची प्रमाणपत्रं, नोकरीची पत्रं, शोधनिबंधांची यादी, व्यवसायाची नोंदणी. वय काढताना नुसतं साल वजा करू नका. नोव्हेंबर १९३८चा जन्म आणि मार्च २०२४मध्ये निधन, तर वय ८५. वजाबाकी मात्र ८६ सांगते. मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची गल्लत तर छापील बातम्यांतही होते. मानसोपचारतज्ज्ञ वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधं लिहून देतात. मानसशास्त्रज्ञाच्या नावामागचं 'डॉ.' बहुतेक वेळा पीएचडीचं असतं. उपचार, शाळा, उद्योग की संशोधन, यातलं त्यांचं क्षेत्र कोणतं तेही पहिल्याच परिच्छेदात यायला हवं.

आता काळ. १९६०च्या आसपास शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत हा विषय मुळापासून बदलला. विद्यापीठांत तेव्हा वर्तनवादाचा, म्हणजे मनातल्या विचारांपेक्षा बाहेर दिसणाऱ्या वागण्याचाच अभ्यास करणाऱ्या विचारसरणीचा दबदबा होता. त्याच दशकात अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी नैराश्यासाठी विचारांवर काम करणारी उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. १९७३मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने समलैंगिकता विकारांच्या यादीतून वगळली आणि १९८०मध्ये त्या यादीची तिसरी आवृत्ती निदानाच्या बऱ्याच नव्या निकषांसह आली. जुन्या सहकाऱ्याला विचारा: सुरुवात कोणत्या पद्धतीने केली, काय सोडलं, कधी आणि कशामुळे? आयुष्यभराच्या कामात एकदा बदललेलं मत दहा पुरस्कारांपेक्षा जास्त सांगतं, म्हणून त्याला जागा द्या आणि पुरस्कार एका वाक्यात उरका.

उपचारासाठी येणाऱ्यांची गोपनीयता मृत्यूनंतरही संपत नाही. त्यांच्या फायली घरच्यांनी उघडू नयेत, रद्दीत देऊ नयेत, जाळूही नयेत. त्या किती वर्षं जपायच्या याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. अनेक मानसशास्त्रज्ञ हे काम एखाद्या सहकाऱ्याच्या नावे आधीच लिहून ठेवतात. असा कागद शोधा. नसेल तर त्याच क्षेत्रातल्या विश्वासू व्यावसायिकाकडे सोपवा. निधन झाल्याचं क्लायंटना कळवणंही त्यांच्याकडेच द्या, भेटवहीतले नंबर काढून घरच्यांनी फोन करू नयेत. लेखात एखाद्या 'केस'चा किस्सा घालायचा मोह होतो. नाव बदललं तरी वय, व्यवसाय आणि प्रसंग एकत्र आले की ओळखणारे ओळखतात. एखाद्या क्लायंटने आपणहून लिहून दिलं, तर तेवढंच, लेखी परवानगीने आणि निनावी वापरा. आणि तेही दोन दिवस थांबून, कारण दुःखाच्या भरात दिलेली परवानगी नंतर नकोशी वाटू शकते.

भटकंतीच्या भागात 'निसर्गात रमत' असं लिहून थांबू नका. कोणती वाट, कोणत्या ऋतूत, कुणाबरोबर, पाठीवर काय? नकाशांवरच्या पेन्सिलच्या खुणा, परवाने, गिर्यारोहण संस्थेची जुनी पत्रकं, पक्ष्यांच्या नोंदवह्या पाहा. फोटोंच्या तारखांवर आंधळा विश्वास नको. बॅटरी बदलल्यावर घड्याळ न लावलेला कॅमेरा भलतीच तारीख टाकतो, जुना फोटो स्कॅन केला की फाइलवर स्कॅनचा दिवस येतो, आणि स्लाइडच्या चौकटीवर छापलेला महिना फिल्म धुतल्याचा असतो, फोटो काढल्याचा नव्हे. उंची फूट की मीटर तेही बघून घ्या. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट. घरचे सहज म्हणतात, 'एव्हरेस्टला जाऊन आले.' नेपाळच्या बाजूचा बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे आणि शिखर ८,८४९ मीटरवर. दोन्ही कौतुकाचंच, पण वेगळं.

उतारवयातली भटकंती हमखास राहून जाते, आणि तीच सर्वात बोलकी असते. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी काय केलं? शिखरं सोडून दरीतल्या वाटा धरल्या, काठी घेतली, दुर्बीण घेऊन एका झाडाखाली सकाळ घालवली, की तरुणांना नकाशा वाचायला शिकवलं? बरोबर चालणाऱ्यांना हेच विचारा. डोंगरामुळेच ते चांगले मानसशास्त्रज्ञ झाले, असा दुवा मात्र स्वतःहून जोडू नका. त्यांनी तसं कुठे लिहिलं वा म्हटलं असेल तरच लिहा.

निधनाचं कारण, विशेषतः स्मृतिभ्रंश असेल तर, कुटुंबाला विचारूनच लिहा. आत्महत्या असेल तर पद्धत आणि जागा देऊ नका. तपशिलांमुळे अनुकरणाचा धोका वाढतो म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. मृत्यू डोंगरात झाला असेल, तर 'आवडत्या ठिकाणीच गेले' हे वाक्य टाळा. घरच्यांना ते बोचू शकतं. पूर्ण जन्मतारीख आणि घरचा पत्ता छापू नका, त्यांचा गैरवापर होतो. शोकसभेची वेळ आणि पत्ता एकत्र दिला, तर घर कधी रिकामं असेल तेही चोराला कळतं.

मसुदा एका सहकाऱ्याला आणि एका चालसोबत्याला मोठ्याने वाचून दाखवा. पदं आणि पद्धतींच्या चुका पहिल्याला सापडतील, वाटा आणि उंचीच्या दुसऱ्याला. नातेवाइकांची नावं शेवटी एकदा घरच्या दोघांकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या आणि मग पाठवा.